पालथा हात, डावं चाक

८४,२१६

उझ्माने गाडी गॅरेजसमोर उभी केली तेव्हा मी आधी गाडीकडे पाहिलं.

नाही. परत सांगतो. मी आधी डावीकडच्या सीटकडे पाहिलं. तिथे उस्ताद बसले होते.

नूरुद्दीन उस्ताद. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काम केलं, परवेझने नऊ. श्रीगोंद्याला स्टँडच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. मी काष्टीला दौंड रोडवर माझं गॅरेज टाकलं. परवेझने श्रीगोंद्यातच टाकलं. शागीर्दाने गॅरेज उघडलं की उस्तादांनी पहिल्या दिवशी यायचं आणि पहिल्या गाडीचा पहिला नट आपल्या हाताने खोलायचा, अशी आमच्यात रीत आहे. माझ्याकडे आले, नट खोलला, चहा घेतला, पाऊण तासाने गेले. परवेझकडे आले, नट खोलला आणि जेवायला थांबले. मी वाढत होतो, म्हणून मला माहीत आहे. दोनदा भात घेतला.

सात महिन्यांपूर्वी उस्तादांना झटका आला. पाय काठीवर आला, जीभ सावकाश का होईना परत चालू झाली, उजवा हातही हलायला लागला. पण त्या हाताला मनगटापुढे काही कळत नाही. गार नाही, गरम नाही, टोचलेलं नाही. उझ्मा त्यांची मुलगी, शाळेत शिकवते. सकाळी जाताना ती त्यांना परवेझच्या गॅरेजात सोडते आणि सुटल्यावर घेऊन जाते, कारण घरी एकटं बसलं की ते भिंतीशी भांडतात. परवेझचं गॅरेज शाळेच्या वाटेवर आहे. काष्टी तेरा किलोमीटर लांब आहे. ही सगळी कारणं मला पाठ आहेत.

खुर्ची माझ्याकडेही आहे. सागाची, हातांची. शकिलाने, माझ्या बायकोने, तिच्यावर उशी शिवून घातली आहे. सात महिन्यांत त्या खुर्चीवर मी कोणाला बसू दिलेलं नाही.

"आमदारासाठी ठिवली का रं ही?" छगन रोज विचारतो. छगनचा ऊस माझ्या गॅरेजमागच्या रानात आहे. कारखान्याची तोड मिळेपर्यंत त्याला काम नाही, म्हणून तो माझ्या दारात जुन्या टायरवर बसलेला असतो. तोड मिळाल्यावरही बसलेला असतो.

"अझीमभाई, गाडी डावीकडे ओढते," उझ्मा खाली उतरत म्हणाली. "नगरहून जुनी घेतली, महिना झाला. परवेझभाईंनी दोनदा अलाइनमेंट केली. कॉम्प्युटरवर सगळं हिरवं येतं आणि रस्त्यावर गेलं की परत ओढते. ते म्हणाले की..."

"परवेझ काय म्हणाला ते राहू दे. गाडी काय म्हणते ते बघू."

तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं.


८४,२१६ किलोमीटर, गाडी हललेली नाही

उस्तादांना मी हाताला धरून उतरवलं. त्यांच्या उजव्या हातात काळा मोजा होता. मोटरसायकलवाली पोरं घालतात तसा, मनगटाला पट्टी असलेला.

"हे काय उस्ताद?"

"परवेझनं आनला."

अजून कोण आणणार. परवेझच्या गॅरेजात भिंतीला टाइल्स आहेत. गाडीखाली शिरायला आमच्यासारखा खड्डा नाही, लिफ्ट आहे. दर्शनी भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर गाडीची चारी चाकं दिसतात आणि चूक असेल तिथे लाल होतं. अशा ठिकाणी उस्तादांच्या हाताला ऑईल लागलेलं बरं कसं दिसेल? झाकूनच ठेवणार.

"आपल्याकडं ह्याची गरज न्हाई," मी म्हणालो आणि पट्टी सोडली. मोजा एकेका बोटावरून ओढून काढला. उस्तादांनी हात नुसता पुढे धरला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मोजा मी रॅकवर ऑईलच्या डब्यांमागे टाकला. उझ्मा तोपर्यंत मागे घरात शकिलाकडे गेली होती.

उस्ताद खुर्चीवर बसले. सात महिन्यांनी खुर्चीवर माणूस बसला. छगन टायरवरून म्हणाला, "आलं बरं का आमदार."

उस्ताद हसले. मी पण हसलो. मी जास्त वेळ हसलो.


८४,२१९

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. रविवारी ते मैदान मोकळं असतं: शेण, वैरणीच्या काड्या, खुंट्या उपटल्याची भोकं, आणि सपाट जमीन. ही जमीन माझं मशीन आहे. रस्ता नेहमी कडेला उतरता असतो, त्यावर कोणतीही गाडी थोडी डावीकडे जाते. मैदानावर तसं काही नाही. इथे जी गाडी डावीकडे जाते तिच्यात खोट आहे.

मी एकटाच गेलो. चाळीसचा वेग धरला, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले.

गाडी डावीकडे गेली. एकदम नाही. ओळखीच्या घरासमोरून जाताना बैल हळूच वळायला बघतो तशी.

हवा तपासली. चारी चाकांत सारखी. पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी बसवली. टायरमध्ये दोष असेल तर आता गाडीने उजवीकडे जायला हवं. चाकांच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या त्या परत बसवल्याच नाहीत, मागच्या सीटवर टाकल्या.


८४,२२१

डावीकडेच.

म्हणजे टायर नाही. मी परत येऊन उस्तादांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. अकरा वर्षांत मी त्यांच्या "हं"चे सगळे प्रकार शिकलो होतो. हा 'पुढे बोल'वाला होता.

पुढे मी काय करायला हवं होतं ते मी खाली सांगेन. आधी काय केलं ते सांगतो.

मी जेवलो. उस्तादांना घास लहान करून दिले. शकिलाने बोंबिलाचं कालवण केलं होतं. उस्तादांनी भात किती वेळा घेतला ते मी मोजलं. एकदा.

तासाभराने गाडी जॅकवर घेतली. डावं चाक हाताने फिरवलं, छान गरगर फिरलं. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे बुश पाहिले, चांगले होते. मग दोरी काढली.

दोरीचं काम असं: गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, दोन दोऱ्या ताणून बांधायच्या, एकमेकींना अगदी समांतर. मग चाकाच्या पुढच्या कडेपासून दोरी किती लांब, मागच्या कडेपासून किती, हे पट्टीने मोजायचं. चाक किती आत बघतंय, किती बाहेर, ते कळतं. उस्ताद हे काम बिडी विझायच्या आत करायचे. मला वीस मिनिटं लागतात. परवेझला कधी जमलं नाही, म्हणून त्याने मशीन घेतलं. निदान मी लोकांना असं सांगतो.

"परवेजकडं तर टीव्हीवर दिसतंय म्हनं, कंचं चाक कुटं चाललंय ते," छगन म्हणाला. "तुजी दोरी काय दावती?"

"टीव्हीला जमलं न्हाई म्हनून तर गाडी हितं आली ना?"

"ते बी खरं हाय. मग काय म्हनती दोरी?"

दोरी म्हणत होती, बरोबर आहे.

मी दोरी सोडली. परत बांधली. परत मोजलं. दोन्ही चाकं सारखी, सुताचाही फरक नाही. इतकं साफ काम मी स्वतः केलं असतं तर उस्तादांना उठवून दाखवलं असतं.

"हाय थोडा फरक," मी छगनला सांगितलं. "मशीन काय, विकनाऱ्यानं सांगितलं तसं बोलतं."

एकदा असं बोलल्यावर हातात पाना घ्यावाच लागतो. उजवं चाक वळवणारी दांडी म्हणजे टायरॉड, त्याचा नट मी सैल केला.

"खडू," मागून उस्ताद म्हणाले.

फिरवण्याआधी खडूने खूण करायची, म्हणजे परत तिथे येता येतं. उस्तादांचा हा नियम मी नवीन माणसाला शिकवतो.

"ध्यानात हाय उस्ताद," मी म्हणालो आणि टायरॉड अर्धा आटा फिरवला. परवेझची खूण जपायला मी कशाला खडू घासू?


८४,२२७

या वेळी मी उस्तादांना शेजारी बसवलं आणि श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागलो. मला त्यांना दाखवायचं होतं. गाडी सरळ जाईल, मी हात सोडेन, ते बघतील.

रस्ता उसाने भरलेला. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवरून ऊस दोन्ही बाजूंना झाडूसारखा लोंबलेला. ब्रेक, सोड, ब्रेक, सोड. स्टिअरिंग आता तिरकं झालं होतं. सरळ जायला ते उजवीकडे दाबून धरावं लागत होतं. तरी गाडी डावीकडे जात होती. आधीपेक्षा जास्त.

"बसंल अजून जागेवर," मी म्हणालो. "चार दिवस परवेझच्या शेटिंगवर चालली ना."

उस्ताद समोर बघत होते. माझ्या सहा किलोमीटरच्या बोलण्यात परवेझ किती वेळा आला ते मला आता आठवतं. त्याची लिफ्ट आली, त्याचा टाइल्सवाला आला, त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला आलेल्या गाड्या आल्या. मी लोअर आर्मबद्दल बोलायला सुरुवात करायचो आणि ते परवेझपाशी येऊन थांबायचं.

"वास येतोय," उस्ताद म्हणाले.

"पाचट जाळत्यात कुनीतरी."

खरंच जाळत होते. तोड झालेल्या रानातून पांढरा धूर रस्त्यावर आला होता. जानेवारीत या रस्त्यावर तो वास कायम असतो. आमच्या कपड्यांना, भाकरीलासुद्धा असतो. त्यात दुसरा वास शोधायचा कोणी?

"परवेझ काय म्हनला व्हता गाडीचं?" उस्तादांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर हिरवं येतं म्हनला."

"आन?"

मला माहीत नव्हतं. उझ्माचं वाक्य मी मधेच तोडलं होतं.

सहा किलोमीटरवर गाडी वळवली. मग मला जे सात महिने बोलायचं होतं ते बोललो.

"उस्ताद, माझ्याकडं बसत जावा ना. मी येईन रोज न्यायला. खुर्ची हाय. शकिला हाय. तिथं तुमाला कोन इचारतंय, कॉम्प्युटरच्या दुकानात?"

त्यांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. की उत्तर द्यायचं नव्हतं, मला कळेना.

"आदी गाडी सरळ कर," ते म्हणाले.


८४,२३३

गॅरेजसमोर थांबलो. छगनने टायरवरूनच हात केला, "झाली का?"

"झालीच म्हन," मी म्हणालो आणि उतरून पाण्याच्या माठाकडे गेलो. उस्तादांना उतरवायला वळून येणारच होतो.

आता ते सांगतो जे मी सकाळीच करायला हवं होतं.

उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट. पाना नाही, नट नाही. गाडी रस्त्यावरून आली की आधी चारी चाकांना हात लावून बघायचा. तळहात नाही, तो राठ असतो, पालथा हात. पालथ्या हाताची कातडी पातळ असते, तिला लवकर कळतं. आणि चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. तळहात असेल तर मूठ वळते आणि चिकटते. एक चाक बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागलं तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिलाय. मग दोरी नको, मशीन नको. हे करायला अर्धं मिनिट लागतं. अकरा वर्षं मी हे रोज केलं. त्या रविवारी गाडी तीनदा रस्त्यावरून आली आणि मी एकदाही चाकाला हात लावला नाही.

कारण मी गाडी तपासत नव्हतो. मी परवेझचं काम तपासत होतो.

माठातून पेला भरून मी वळलो. उस्ताद स्वतःच दार उघडून उतरले होते. काठी डाव्या हातात होती. उजवा मोकळा होता. ते दाराला टेकून हळूहळू वाकले, आणि डाव्या पुढच्या चाकाच्या मधोमध, जिथली टोपी मी काढून टाकली होती, त्या उघड्या लोखंडावर त्यांनी पालथा हात ठेवला.

मला वाटलं, बघा, गार लागणार.

माणूस हात लावतो आणि काढतो. उस्तादांनी काढला नाही. ते वाट बघत होते, हात काहीतरी सांगेल याची. मी पेला घेऊन उभा होतो. एक. दोन. त्यांचं तोंड शांत होतं. तीन.

"ओ उस्ताद!" छगन टायरवरून ओरडत उठला. "हात! हात काढा की!"

त्यांनी हात उचलला आणि डोळ्यांपुढे धरला. बोटांच्या सांध्यांवरची कातडी पांढरी झाली होती आणि एका जागी ती चाकावरच राहिली होती. रस्त्यावर उस्तादांना आला तो वास पाचटाचा नव्हता, ब्रेकचा होता. आता मला कळत होता.

"कळंना," उस्ताद मला म्हणाले. "गरम हाय का?"


८४,२३३, गाडी हललेली नाही

पाणी. अजून पाणी. उझ्मा धावत आली. तिने हात पाहिला, आणि मग तिने मला जे विचारलं त्याचं उत्तर ऑईलच्या डब्यांमागे होतं.

"मोजा कुठाय?"

"मी काढला."

"का?"

गिऱ्हाईक समोर असताना गॅरेजात मराठीच बोलायचं, हा उस्तादांचाच नियम. घरची बोली काढली तर गिऱ्हाइकाला वाटतं आपण त्याच्या खिशाबद्दल बोलतोय. उझ्मा लहानपणापासून तो पाळत आली. पण आता छगन समोर असून ती मला घरच्या बोलीत बोलली, आणि ते मी इथे लिहीत नाही.

मग ती मराठीत म्हणाली, सावकाश, वर्गात सांगावं तसं. "दिवाळीच्या आधी अब्बांनी परवेझभाईंच्या चहाच्या स्टोव्हवर हात ठेवला होता. कळलंच नाही त्यांना. म्हणून परवेझभाईंनी पुण्याहून हा आणला, आतून जाड अस्तराचा. तीन आणले, दोन परत केले, बोटं आखडायची म्हणून. रोज स्वतः घालतात." ती थांबली. "आणि ते म्हणाले होते की ब्रेक असणार. म्हणाले, ब्रेकला अझीमभाईंचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तिकडे ने. तेच सांगत होते मी."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. किंवा लाज. लाज वाटली, पण ती नंतर. आधी राग आला: माझं कौतुकही त्यानेच करायचं?

छगनने जीप काढली. उस्तादांना पुढे बसवलं. जाताना त्यांनी खिडकीतून, त्याच हाताने, ओला रुमाल गुंडाळलेल्या हाताने, चाकाकडे दाखवलं.

"डावं," ते म्हणाले. "गरम असतानाच बघ."


गरम असताना

जॅक लावला. दुपारी गरगर फिरलेलं चाक आता दोन्ही हातांनी हलेना. ब्रेकच्या तेलाची निपल सैल केली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे चाक आवळणारा कॅलिपर चांगला होता. तेल परत जात नव्हतं.

कॅलिपरकडे तेल नेणारा रबरी होज काढून मी ब्लेडने उभा चिरला. बाहेरून नवा दिसत होता. आतून रबर सुजून वाट जवळजवळ बंद झाली होती. पायाने ब्रेक दाबला की तेल जोराने आत जायचं. पाय काढला की परत यायला वाट नाही, आणि चाक धरलेलंच राहायचं. तासभर गाडी उभी राहिली की तेल झिरपत झिरपत मागे यायचं, चाक गार, मोकळं. म्हणून जॅकवर माझ्या हाताला काही कळलं नाही, म्हणून परवेझच्या पडद्यावर हिरवं. हा दोष उभ्या गाडीत दिसतच नाही. गाडी रस्त्यावरून आल्या आल्या, कोणीतरी हात लावला तरच.

दौंडला जाऊन दोन होज आणले, दोन्ही बाजूंचे. बसवले. मग ब्रेकमधली हवा काढायला कोणीतरी आत बसून पेडल दाबायला लागतं. शकिला बसली.

"दाब," मी गाडीखालून म्हणालो.

"दाबला."

"धर. सोड आता."

"मोजा तुमी काढला?"

"दाब."

"दाबलाय. का काढला?"

"धर."

"धरलाय. इतकी वर्षं झाली," शकिला वरून म्हणाली, "तुमी घरात जेवायला बसलात की ताटात तिसरा मानूस परवेझभाई असतो. मी त्यांना चारदा पाहिलंय, पन ते काय खातात, कुटं जातात, त्यांच्या पोरीला किती मार्क पडले, सगळं मला ठावं हाय."

तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"सोड," मी म्हणालो.


८४,२३६

मैदान. चाळीस. हात सोडले.

गाडी सरळ गेली. खुंट्यांच्या भोकांवरून, काड्यांवरून, मैदानाच्या पार टोकापर्यंत. बघायला कोणी नव्हतं. फक्त स्टिअरिंग माझ्या समोर वाकडं उभं होतं, माझ्या अर्ध्या आट्याएवढं.

उतरून चारी चाकांना पालथा हात लावला. चारी सारखी.

दोरीने स्टिअरिंग सरळ झालं असतं. मी दोरी बांधलीही. पट्टी लावली, आकडा वाचला, आणि दुपारी दोरीच्या आकड्याबद्दल मी छगनला काय सांगितलं होतं ते आठवलं. दोरी सोडून गुंडाळून ठेवली.


८४,२४९

सोमवारी सकाळी गाडी परवेझच्या दारात नेली. सात महिन्यांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

उस्ताद तिथे होते. हाताला पांढरी पट्टी. आणि ते ज्यावर बसले होते ती प्लास्टिकची खुर्ची होती. पांढरी, एक पाय तडकलेला, तारेने बांधलेला. मी इतके दिवस समजत होतो की इथे सोफा असणार.

"या भाई," परवेझ म्हणाला. तो जाड झालाय. "ब्रेक?"

"होज. आतून सुजलेला."

"वाटलंच. मी आता ब्रेक उघडत न्हाई, हात गेला माझा." त्याने गाडी लिफ्टवर घेतली, चाकांना त्याची ती यंत्रं लावली. पडद्यावर चार चाकं आली. तीन हिरवी. उजवं पुढचं लालभडक.

परवेझ पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"किती फिरवला?"

"अर्धा आटा."

"खूण?"

प्लास्टिकच्या खुर्चीतून उस्ताद म्हणाले, "ध्यानात हाय म्हनला व्हता," आणि हसायला लागले. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच गालावर येतं. परवेझ हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने पाना घेतला आणि लाल हिरवं होईपर्यंत फिरवत राहिला.

मग तो हात पुसत माझ्याजवळ आला. "शनिवारी तुमच्याकडं ठिवू का त्यांना? बाजार असतो तुमच्या गावात. बैल बगायला आवडतं त्यांना, मला सारकं सांगतात. मी सोडीन सकाळी."

मी ज्याच्यासाठी सात महिने खुर्ची राखली ते परवेझ मला देत होता. सातातला एक दिवस. त्याच्या सहातून काढून दिलेला. नको म्हणावंसं वाटलं.

"चालंल," मी म्हणालो.

"पट्टी सुटली की मोजा घालत जावा. आदी करंगळी घालायची. ती आत वळते त्यांची, मग बाकीची बोटं अडकतात."

उस्तादांच्या पट्टीकडे मी पाहिलं. कडा सारख्या, गाठ मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, टोचू नये अशी. दवाखान्यातली नव्हती ती. परवेझने बदलली होती. चांगली बांधली होती.


८४,७०२

तीन आठवड्यांनी, शनिवारी, उझ्माच्या गाडीतूनच परवेझ उस्तादांना घेऊन आला आणि सोडून गेला. मोज्यात मी आधी करंगळी घातली. मग बाकीची. पट्टी लावली.

उस्ताद सागाच्या खुर्चीवर बसले. दहा मिनिटं बसले.

"उंच हाय," ते म्हणाले. "हितनं चाकं दिसत न्हाईत."

काठी टेकत उठले आणि छगनच्या टायरकडे गेले. छगन सरकला. दोघं एका टायरवर बसले, बाजारातून जाणाऱ्या बैलांच्या किमती लावत.

दुपारी एक टेम्पो आला, थेट नगर रोडवरून. ड्रायव्हर काही सांगायच्या आत मी चारी चाकांना पालथा हात लावला. एकेका चाकाशी वाकून, नीट, हात टेकवून, थांबून. उजवं मागचं गरम होतं.

मी मागे वळून पाहिलं, उस्ताद बघतायत का.

ते छगनच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होते. काय होतं ते बोलणं, मी संध्याकाळी छगनला विचारलं. त्याला आठवलं नाही.